मोटारीतील वाटदर्शक यंत्राची निवड : पांढुर्णा व सौंसर परिसराच्या संदर्भात एक पाठ

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, मध्य प्रदेशाची हद्द नागपूर जिल्ह्याला जेथे भिडते तेथे, पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिली वसलेल्या आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मराठीभाषक मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा काढून त्याचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. कारभार भोपाळकडे असला तरी येथील नित्याची ये-जा दक्षिणेकडेच आहे. संत्र्याचे ट्रक नागपूरकडे उतरतात, कापूस व भाजीपाला त्याच वाटेने जातो, आणि दुखणे बळावले म्हणजे रुग्णालाही बहुधा नागपुरासच न्यावे लागते. पांढुर्ण्याहून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४७ आणि सौंसरहून जाणारा क्रमांक ५४७ हे दोन्ही रस्ते सावनेरला एकत्र येतात. परंतु महामार्ग सोडून गाडी आत वळली की फाटे, रपटे, संत्र्याच्या बागांमधील पांदणी आणि डोंगरकडेची वस्ती यांतून वाट काढणे परक्या वाहनचालकास कठीण जाते.

ही वाट आता यंत्र दाखविते. काचेलगत बसविलेला लहानसा पडदा असो, अथवा चालकाच्या खिशातील मोबाइल असो, "पुढे दोनशे मीटरवर डावीकडे वळा" असा आवाज आज गावोगाव ऐकू येतो. रुग्णवाहिकेचे चालक, शाळेच्या बसचे मालक, निवडणुकीच्या कामी लांबच्या मतदान केंद्रावर जाणारे कर्मचारी, बदलीवर नव्याने रुजू झालेले शिक्षक, या सर्वांना अशा यंत्राची गरज पडते. ते घेताना काय पाहावे, आणि घेतल्यावर त्यावर कोठवर विसंबावे, याचा विचार येथे केला आहे. हा विचार केवळ सोयीचा नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यातील कोतूळजवळ रात्रीच्या वेळी एक मोटार नकाशाने दाखविलेल्या रस्त्याने पुलावर गेली. तो पूल पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्याखाली बुडालेला होता. दोघे बाहेर पडले, चालक दगावला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात एक मोटार रामगंगेवरील तुटक्या पुलावरून खाली कोसळली व तिघांचा मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणी उपग्रहाने गाडीची जागा चुकीची सांगितली नव्हती. गाडी नकाशातल्या रस्त्यावर अगदी बरोबर होती. प्रत्यक्षात मात्र तेथे चालण्याजोगा रस्ता नव्हता.

यंत्र काय जाणते आणि काय जाणत नाही

उपग्रह आपल्यावर नजर ठेवून असतो व तोच आपल्याला वाट सांगतो, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. ती खरी नाही. उपग्रह केवळ आकाशवाणीसारखे बोलत राहतात, आणि यंत्र ते ऐकते. प्रत्येक उपग्रह स्वतःची जागा व अणुघड्याळावरची अचूक वेळ अखंड प्रसारित करीत असतो. अमेरिकेच्या जीपीएस मालिकेतील उपग्रह सुमारे २०,२०० कि.मी. उंचीवरून फिरतात, तेथून निघालेला संदेश पृथ्वीवर पोहोचण्यास सुमारे एका सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. संदेश केव्हा निघाला व केव्हा पोहोचला यांतील फरकास प्रकाशाच्या वेगाने गुणले म्हणजे त्या उपग्रहापासूनचे अंतर मिळते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली तर जागा निश्चित व्हावयास हवी. परंतु यंत्रातील साधे घड्याळ अणुघड्याळाइतके बिनचूक नसल्यामुळे ती चूक काढून टाकण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते, यावरून या हिशेबाची नाजूकता ध्यानात यावी.

यावरून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली अशी की, उपग्रहाचे संदेश ऐकण्यास मोबाइलचे रिचार्ज लागत नाही, व मनोराही लागत नाही. सिल्लेवानीच्या घाटात किंवा जंगलाच्या पट्ट्यात मोबाइलची सेवा तुटली तरी जागा कळत राहते. तुटतो तो नकाशा. कारण बहुतेक मोबाइल नकाशा इंटरनेटवरून थोडा थोडा उतरवून घेत असतात. दुसरी गोष्ट अशी की, उघड्या आकाशाखाली साधा मोबाइलदेखील सुमारे पाच मीटरच्या आत जागा सांगतो. पण दाट झाडीत, उंच इमारतींच्या बोळात अथवा घाटाच्या कपारीत संदेश कड्यांवर आपटून वळसा घेऊन येतो, आणि तेवढ्याने अंतर वाढलेले दिसते. घाटातील वळणावर गाडी नकाशात दरीत उतरल्यासारखी दिसली तर चालकाने घाबरण्याचे कारण नाही. मात्र त्या क्षणी पडद्याकडे पाहणे थांबवून रस्त्याकडे पाहावे, हे वेगळे सांगावयास नको.

जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला गेला व १९९५ मध्ये ही व्यवस्था पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. सर्वसामान्यांना मिळणाऱ्या संदेशात प्रारंभी मुद्दाम चूक मिसळलेली असे. मे २००० मध्ये ती काढून टाकण्यात आली आणि त्यानंतरच मोटारीत वापरण्याजोगी यंत्रे खऱ्या अर्थाने उपयोगी ठरली. पुढे रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ व चीनची बैदू या मालिका आल्या. भारताच्या अवकाश संशोधन संस्थेने १ जुलै २०१३ रोजी आपल्या मालिकेतील पहिला उपग्रह सोडला आणि २०१६ मध्ये या मालिकेला 'नाविक' हे नाव मिळाले. नाविकचे उपग्रह सुमारे ३६,००० कि.मी. उंचीवर, भारताच्या माथ्यावर सदैव राहतील अशा कक्षांत ठेवलेले आहेत. त्यामुळे डोंगराच्या आडोशालाही ते दिसू शकतात. पहिल्या पिढीतील काही उपग्रहांची अणुघड्याळे मात्र बिघडली, आणि त्यांची जागा घेण्यासाठी नव्या पिढीचे उपग्रह पाठविणे सुरू झाले; त्यांतील पहिला २९ मे २०२३ रोजी गेला. म्हणून खरेदी करताना एकाच मालिकेवर चालणारे यंत्र घेऊ नये. जितक्या अधिक मालिका यंत्राला ऐकू येतात तितकी घाटात व झाडीत त्याची जागा स्थिर राहते. खोक्यावरील माहितीत ही नावे दिलेली असतात. ती वाचून घ्यावीत.

एका अपूर्णांक चिन्हाने चुकलेली वाट

यंत्र चांगले असूनही वाट चुकते, आणि त्याचे एक मोठे कारण आकडे लिहिण्याची पद्धत हे आहे. या विषयाकडे अधिकारी व शिक्षक दोघांनीही लक्ष पुरविले पाहिजे.

पांढुर्णा शहराचे स्थान स्थूलमानाने उत्तर अक्षांश २१ अंश ३६ कला व पूर्व रेखांश ७८ अंश ३१ कला असे आहे. एका अंशाच्या साठ कला होतात. म्हणून हेच स्थान दशांश पद्धतीने लिहिताना ३६ ला ६० ने भागावे लागते, आणि अक्षांश २१.६०, रेखांश ७८.५२ असा येतो. आता समजा, एखाद्या जुन्या नोंदवहीतून अंश व कला वाचून कोणी यंत्रात २१.३६ आणि ७८.३१ असे भरले. यंत्र हूं की चूं न करता ते स्वीकारते, कारण तेही पृथ्वीवरचे एक स्थान आहेच. परंतु ते पांढुर्ण्याच्या सुमारे २७ कि.मी. दक्षिणेस व २१ कि.मी. पश्चिमेस, म्हणजे सरळ रेषेत सुमारे ३४ कि.मी. दूर, वरुडच्या दक्षिणेकडील मुलखात पडते. नुसता अक्षांश चुकला आणि रेखांश बरोबर राहिला, तर गाडी नरखेड व काटोल यांच्या दरम्यान जाऊन थांबेल. रात्रीच्या वेळी बाळंतिणीला आणण्यास निघालेली गाडी अशी दुसऱ्या राज्यात उतरली तर त्याचा अर्थ काय होतो, हे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

ही चूक ओळखण्याची एक साधी खूण आहे. कला कधीही ५९ च्या वर जात नाहीत, तेव्हा २१.६० असा आकडा दिसला तर तो निश्चितपणे दशांश पद्धतीचा समजावा. २१.३६ हा आकडा मात्र दोन्ही पद्धतींत शक्य असल्यामुळे फसवा आहे. अशा वेळी देणाऱ्याला विचारून घेणे हाच उपाय. यंत्र निवडताना ते दोन्ही पद्धतींनी आकडे घेते काय, व सध्या कोणती पद्धत लावलेली आहे ते पडद्यावर स्पष्ट दाखविते काय, हे दुकानातच पाहून घ्यावे. अनेक यंत्रांत ही सोय असते, पण ती निवडपट्टीत तीन-चार पायऱ्या खाली लपलेली असते, आणि विक्रेत्यालाही ती पुष्कळदा ठाऊक नसते.

दशांशानंतर किती अंक लिहावेत, हाही प्रश्न वारंवार पडतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ कि.मी. त्यामुळे दशांशानंतर दोन अंक दिले तर जागा सुमारे एक कि.मी.पर्यंत कळते, तीन अंकांनी ११० मीटरपर्यंत, आणि चार अंकांनी ११ मीटरपर्यंत. रेखांशाचा अंश येथे थोडा लहान, सुमारे १०३ कि.मी.चा पडतो, कारण विषुववृत्तापासून उत्तरेकडे जाताना रेखांश जवळ येत जातात. घर दाखवावयाचे असेल तर चार अंक पुरेत. सात-आठ अंक लिहिलेले कागदही पाहावयास मिळतात. त्यांतील शेवटचे अंक यंत्राच्या स्वतःच्या चुकीपेक्षा सूक्ष्म असल्याने निरर्थक असतात, आणि फोनवरून सांगताना त्यांच्यामुळेच घोटाळा होतो.

आकड्यांऐवजी नाव भरले तर अडचणी संपतात असे नाही. सौंसर आणि सावनेर ही दोन नावे रोमन लिपीत इतकी जवळ येतात की घाईत एकाच्या जागी दुसरे निवडले जाते. एक मध्य प्रदेशात, दुसरे महाराष्ट्रात. पांढुर्ण्यालगत जाम नदीपलीकडे सावरगाव आहे, आणि नरखेड तालुक्यातही सावरगाव आहे. मोहगाव या नावाची गावे तर सौंसर तहसिलीत, विदर्भात व उर्वरित मध्य प्रदेशात ठिकठिकाणी सापडतात. त्यातून गावाच्या नावाचा मराठी उच्चार एक, सरकारी कागदावरील हिंदी लेखन दुसरे, आणि नकाशातील रोमन अक्षरे तिसरीच. यंत्रातील बाईचा आवाज आपल्याच गावाचे नाव उच्चारतो तेव्हा गावकऱ्यांना हसू आवरत नाही! पण परगावचा चालक त्या उच्चारावरूनच वाट विचारतो, आणि कोणालाही तो बोध होत नाही. सबब नाव निवडल्यावर जिल्हा व राज्य वाचून घेतल्याखेरीज निघू नये.

नकाशाचे वय

मोटारीच्या यंत्रात दोन वस्तू असतात : संदेश ऐकणारा भाग आणि नकाशा. पहिला भाग आज सर्वच यंत्रांत बऱ्यापैकी चांगला असतो. खरा फरक नकाशात आहे, आणि खरेदीदार त्याचीच चौकशी करीत नाही.

नकाशा किती जुना आहे हे ओळखण्यास या परिसरात अनायासे चांगल्या कसोट्या उपलब्ध आहेत. यंत्रात सौंसर शोधून पाहावे. जिल्हा छिंदवाडा असा आला तर तो नकाशा २०२३ च्या अखेरीपूर्वीचा, किंवा त्यानंतर न तपासलेला, असे समजावे. पांढुर्ण्याहून जाणाऱ्या महामार्गाला ६९ हा क्रमांक दाखविला असेल, अथवा सौंसरच्या रस्त्याला २६-ब म्हटले असेल, तर नकाशा त्याहूनही जुन्या माहितीवर बेतलेला आहे. कारण महामार्गांचे नवे क्रमांक २०१० मध्ये ठरले. तिसरी कसोटी रेल्वेची. नागपूर-छिंदवाडा ही सौंसरवरून जाणारी अरुंद लोहमार्गाची गाडी २०१५ मध्ये बंद झाली व त्या जागी रुंद मार्ग घालण्यात आला. या कामात ठिकठिकाणची फाटके जाऊन खालून किंवा वरून रस्ते झाले. जुना नकाशा जेथे फाटक दाखवितो तेथे आता पक्की भिंत असू शकते, आणि रुळांखालच्या रस्त्यातून उंच भरलेला संत्र्याचा ट्रक जाईलच असे नाही.

पावसाळ्याचा प्रश्न मात्र ताज्या नकाशानेही सुटत नाही. जाम, कन्हान व त्यांना मिळणारे नाले श्रावण-भाद्रपदात अकस्मात चढतात. रपट्यावरून पाणी वाहू लागते व काही तासांत ओसरते. ही वार्ता नकाशाला कळत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या निमित्ताने पांढुर्णा व सावरगाव यांमधील नदीकाठचा भाग माणसांनी फुलून जातो व वाहतूक अन्य मार्गाने वळविली जाते. हनुमान जयंतीस जामसावळीच्या मंदिराकडे अशीच गर्दी लोटते. रहदारीची तात्काळ माहिती देणारे मोबाइलवरील नकाशे थांबलेल्या गाड्यांवरून कोंडी ओळखतात खरे. पण ज्या रस्त्यावर रात्री एकही मोबाइल जात नाही, त्या रस्त्यावर त्यांना कोंडी दिसत नाही व पूरही दिसत नाही. ओस रस्ता त्यांना मोकळा रस्ता वाटतो. कोतूळच्या घटनेतील धोका नेमका येथे आहे. रपट्यावर पाणी दिसताच गाडी थांबवून काठावरच्या माणसास विचारावे. पाण्याखालचा रस्ता शाबूत आहे की वाहून गेला, हे यंत्राला सांगता येत नाही.

कोणते यंत्र घ्यावे

ज्याच्याजवळ बरा मोबाइल आहे आणि ज्याची फेरी मुख्यत्वे पांढुर्णा, सौंसर, लोधीखेडा, पिपळा नारायणवार ते नागपूर एवढीच आहे, त्याने स्वतंत्र यंत्रावर पैसे घालू नयेत. त्याने घरून निघण्यापूर्वी या पट्ट्याचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा, म्हणजे सेवा तुटली तरी वाट दिसत राहील. आणि मोबाइल हातात न धरता घट्ट पकडीत बसवावा. दोन्ही राज्यांचा भाग उतरविला आहे ना, हे पाहावे. पुष्कळजण आपल्या जिल्ह्यापुरता नकाशा घेतात आणि सतनूर ओलांडून सावनेरच्या हद्दीत गेले की पडदा कोरा होतो.

स्वतंत्र यंत्र कोणाला उपयोगी पडते? जो दिवसभर गाडीवर असतो, ज्याला मोबाइल बोलण्यासाठी मोकळा हवा असतो, आणि ज्याच्या गाडीवर चालक बदलत राहतात, त्याला. रुग्णवाहिका, शाळेची बस व मालवाहू ट्रक ही त्याची उदाहरणे. अशा यंत्रात सारा नकाशा आतच साठविलेला असतो. काही यंत्रांत गाडीची उंची व वजन भरता येते व त्याप्रमाणे वाट निवडली जाते. ट्रकमालकांनी हा गुण अवश्य पाहावा, मात्र आपल्या भागातील पुलांची व बोगद्यांची उंची त्या नकाशात खरोखर नोंदलेली आहे काय, हे एका ओळखीच्या ठिकाणी पडताळावे. नोंदच नसेल तर उंची भरूनही उपयोग नाही.

नकाशा 'आजन्म मोफत' मिळेल असे खोक्यावर छापलेले असते. आजन्म म्हणजे विकत घेणाऱ्याचे आयुष्य नव्हे. कंपनी जोवर त्या यंत्राला नकाशे पुरवील तोवरचा काळ, असा त्याचा अर्थ असतो. मोबाइल आल्यापासून स्वतंत्र यंत्रांचा खप घटला आहे, त्यामुळे भारताचा नकाशा शेवटचा केव्हा निघाला हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुने, वापरलेले यंत्र स्वस्तात मिळत असेल तर आणखी एक खबरदारी हवी. जीपीएस व्यवस्था आठवडे मोजते, आणि १,०२४ आठवडे भरले की ही मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. असे ६ एप्रिल २०१९ रोजी घडले. त्यापूर्वीच्या काही यंत्रांना हा बदल कळत नाही व ती तारीख सुमारे वीस वर्षे मागची दाखवितात. दुकानात यंत्र उघड्यावर धरून तारीख पाहावी. ती चुकली, तर पहाटे-सायंकाळी पडदा आपोआप मंद होणे, पोहोचण्याची वेळ सांगणे इत्यादी कामे बिघडतात.

उन्हाळ्याचा विचार इतर प्रांतांपेक्षा येथे अधिक करावा लागतो. मे महिन्यात नागपूर-सौंसरच्या पट्ट्यात उभ्या मोटारीच्या काचेमागे हात लाववत नाही. तेथे ठेवलेल्या यंत्राची बॅटरी फुगते व चोषण-पकडीचे रबर सुटते. म्हणून गाडी उभी करताना यंत्र काढून सावलीत ठेवावे, व पकड अशी असावी की एका हाताने यंत्र निघावे. भर उन्हात पडदा वाचता येतो काय, हे दुकानाच्या आत उभे राहून कळत नाही. दाराबाहेर येऊन पाहावे. विजेच्या जोडणीकडेही दुर्लक्ष होते. मोटारीत १२ व्होल्टची व्यवस्था असते, मोठ्या ट्रकमध्ये बहुधा २४ व्होल्टची. १२ ते २४ व्होल्ट असे लिहिलेला जोड घेतला म्हणजे यंत्र जळण्याची भीती राहत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदविलेल्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत गाडीचे ठिकाण कळविणारे यंत्र व संकटकाळी दाबावयाचे बटण बसविणे सक्तीचे करण्यात आले (रिक्षा यातून वगळल्या आहेत). हे यंत्र गाडी कोठे आहे ते नियंत्रण केंद्राला सांगते. चालकाला वाट सांगत नाही. "आमच्या गाडीत जीपीएस आहे" असे म्हणणाऱ्या बसमालकाकडे बहुधा हेच असते. शाळेने बस ठरविताना दोन्ही गोष्टी निरनिराळ्या विचाराव्यात.

कायद्याचे म्हणणे थोडक्यात असे : गाडी चालवीत असताना मोबाइल हाताळणे धोकादायक वाहन चालविण्यात मोडते. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार वाहन चालविताना असे उपकरण केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच वापरता येते. ठिकाण भरावयाचे ते गाडी सुरू करण्यापूर्वी. पडदा डोळ्यांच्या रेषेच्या किंचित खाली व बाजूस असावा. समोरच्या काचेच्या मधोमध लावलेला मोठा पडदा वळणावर पायी चालणाऱ्या माणसाला झाकून टाकतो.

शाळेत करता येण्याजोगे काम

हा विषय भूगोलाच्या पाठाला जोडता येतो, आणि त्यासाठी विकतचे यंत्र नको. ध्रुव ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची ही त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते. कोनमापकाला दोरा व दगडाचा ओळंबा बांधून, त्याच्या सरळ कडेने ध्रुवाकडे पाहिले असता पांढुर्णा-सौंसर भागात ही उंची साडेएकवीस अंशांच्या आसपास यावयास हवी. ध्रुव तारा खगोलीय ध्रुवापासून थोडासा ढळलेला असल्याने व हाताच्या कंपाने एक-दोन अंशांचा फरक पडेल. मग शिक्षकाच्या मोबाइलवरील अक्षांश शेजारी मांडावा. रेखांशासाठी दुपारची काठीची सावली घ्यावी. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून धरलेली असल्यामुळे पांढुर्ण्याची सरासरी मध्यान्ह घड्याळापेक्षा सुमारे १६ मिनिटांनी, तर सौंसरची सुमारे १५ मिनिटांनी उशिरा होते. दोन गावांमधील सुमारे २७ कि.मी.चे पूर्व-पश्चिम अंतर म्हणजे सूर्याचे एक मिनिट, हे मुलांना अशा प्रयोगातून चांगले उमगते.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना पट मिळाला तर आणखी बरे. पटांच्या क्रमांकपद्धतीप्रमाणे पांढुर्णा ५५ के/१० या पटात व सौंसर ५५ के/१४ या पटात येते. हे जुने पट एव्हरेस्ट याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पृथ्वीच्या आकारमानावर बेतलेले आहेत, जीपीएस दुसरे आकारमान वापरते. त्यामुळे एकाच देवळाचे दोन आकडे थोडे वेगळे येतात, आणि तो कोणाचाही दोष नसतो. ज्या महासर्वेक्षणातून हे पट निर्माण झाले त्याचा आरंभ करणारा विल्यम लॅम्ब्टन नागपूरच्या वाटेवर असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे. शाळेची सहल त्या बाजूस जाणार असेल तर ती अवश्य दाखवावी.

यापुढील काम गावाच्या उपयोगाचे आहे. शाळेच्या झेंड्याच्या खांबाजवळ मोबाइल ठेवून दर दहा मिनिटांनी आकडे टिपावेत, दहा वेळा. ते दरवेळी किंचित बदलतात; त्यांची सरासरी मुलांनी काढावी. दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा करावे. दोन सरासऱ्या चौथ्या दशांश अंकाच्या जवळपास जुळल्या म्हणजे तो आकडा ग्राह्य धरण्यास हरकत नाही. मग तो शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, रस्त्यावरून वाचता येईल इतक्या ठळक अक्षरांत रंगवावा : प्रथम गावाचे नाव, मग तहसील, जिल्हा व राज्य, त्याखाली 'उत्तर' म्हणून अक्षांश व 'पूर्व' म्हणून रेखांश. आकडे देवनागरीत व यंत्राच्या कळपट्टीवर असतात त्या अंकांतही लिहावेत, कारण फोनवरून सांगणारा आणि लिहून घेणारा एकाच लिपीत शिकलेले असतील असे नाही. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागविताना सीमेलगतच्या गावाने राज्याचे नाव आधी सांगावे. दोन्ही राज्यांत हाच क्रमांक आहे, आणि मोबाइल पलीकडच्या मनोऱ्याला जोडलेला असेल तर फोन पलीकडच्या केंद्रात लागू शकतो. आकडे सांगताना "एकवीस दशांश सहा शून्य" असे एकेक अंक सुटा उच्चारावा, आणि ऐकणाऱ्याकडून तो पुन्हा म्हणवून घ्यावा.